चित्ता आला, माळाचे काय?

लातूर जिल्ह्यात मांजरेच्या काठी, नदीने रचलेल्या जुन्या थरांतून पाणघोड्याची हाडे निघाली आहेत. आज उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या मराठवाड्यात कधीकाळी पाणघोडे डुंबत होते आणि त्याच काठावर हत्ती नि रानबैल पाण्याला येत होते.

जीवाश्मशास्त्रज्ञ अद्वैत जुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये उपखंडातल्या अशा जीवाश्मांचा हिशेब मांडला. सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीपासून इथून मोठ्या सस्तन प्राण्यांच्या चार जाती नाहीशा झाल्या: सरळ सुळ्यांचा महाकाय हत्ती, त्याचा दूरचा भाऊबंद स्टेगोडॉन, पाणघोडा आणि एक रानघोडा. अमेरिकेत माणूस पोचल्यावर डझनावारी जाती संपल्या. त्यामानाने चार म्हणजे फारच थोड्या. आपल्याकडे हत्ती, गेंडा, गवा, वाघ टिकले. या अभ्यासकांच्या मते त्याचे कारण दीर्घ शेजार हे आहे. माणूस आणि जनावरे इथे इतका काळ एकत्र राहिली, की जनावरांना माणसापासून जपून राहणे जमले. पुनर्वन्यीकरणाचा, म्हणजे गेलेली जनावरे पुन्हा रानात आणण्याचा, विचार करताना मला हे सर्वांत मोलाचे वाटते.

चित्ता मात्र अगदी अलीकडे गेला. मोगल दरबारात हरणांच्या शिकारीसाठी चित्ते पाळत. अकबराकडे हजार चित्ते होते, त्यांची वीण व्हावी म्हणून त्याने खटपट केली, पण ती कधी झाली नाही, असे जहांगीराने लिहून ठेवले आहे. पुढे एकदा एका नराचा पट्टा निसटला, तो मादीपाशी गेला आणि तीन पिल्ले झाली, याची नोंद त्याने नवल म्हणून केली. म्हणजे दरबारात हवा असलेला जवळजवळ प्रत्येक चित्ता रानातून धरून आणावा लागे. शतकानुशतके हा उपसा चालला. विसाव्या शतकात कोल्हापूर आणि भावनगरच्या संस्थानांना शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते मागवावे लागले. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानाच्या महाराजांनी तीन नर मारले. १९५२ मध्ये चित्ता नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले.

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाचे आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत उतरले. पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेचे बारा आले. त्यांच्या शरीराचे घड्याळ दक्षिण गोलार्धाचे होते. तिकडे जून-जुलैत थंडी, म्हणून ऐन पावसाळ्यात काहींच्या अंगावर दाट लव चढली. रेडिओ कॉलरखाली ती ओली राहिली, कातडी चिघळली, जखमांत अळ्या पडल्या आणि २०२३ च्या पावसाळ्यात काही चित्ते रक्तात विष भिनून दगावले. त्याआधी मे महिन्याच्या उन्हात ज्वाला नावाच्या मादीची चारपैकी तीन पिल्ले गेली होती. वाचलेली मुखी माणसांच्या हातांवर वाढली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तिला स्वतःला पाच पिल्ले झाली. ती बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला.

पण कुनोचे राष्ट्रीय उद्यान ७४८ चौरस किलोमीटरचे आहे आणि नामिबियात एकेक चित्ता हजार चौरस किलोमीटरवर फिरतो. तो उद्यानाची हद्द ओलांडून शेतात येणारच. याच रानातून गीरच्या सिंहांसाठी २४ गावे उठवली गेली. त्यांत बहुतांश सहरिया आदिवासी होते. सिंह काही आले नाहीत. शेजाराची सवय असलेली माणसे आधी दूर करायची आणि मग जनावर आणायचे, हा क्रम मला उफराटा वाटतो.

माणसांना डावलून जनावर वाचवू पाहण्याचा अनुभव महाराष्ट्रालाही आहे. सोलापूर-नगरच्या माळांवर १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले, आठ हजार चौरस किलोमीटरहून मोठे. त्यात गावे, शेते, बाजारपेठा सगळेच आले. खरेदी-विक्री अडली, लोक वैतागले आणि पक्ष्यावरच राग निघाला. २०१२ मध्ये क्षेत्र कापून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले. तोवर माळढोक बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

माळावर लांडगा अजून आहे, चिंकारा आहे, काळवीट आहे. शेजार टिकवला आहे तो धनगरांनी. मेंढरे घेऊन ते वर्षातले कित्येक महिने चालत असतात, रात्री मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावतात, कुत्री सोडतात. तरी एखादे कोकरू लांडगा नेतोच. हा माळ महसूल दप्तरात बहुधा पडीक म्हणून लागलेला असतो, म्हणून त्यावर पहिला हक्क कारखान्याचा, सौर पट्ट्यांचा किंवा वृक्षारोपणाच्या खड्ड्यांचा ठरतो. चित्त्यासाठी विमान पाठवणाऱ्या देशाने माळाला दप्तरात गवताळ रान म्हणून नोंदवावे, आणि गावापासून शंभर कोसांवर कोकरू गमावलेल्या मेंढपाळाला भरपाई तिथेच, त्याच आठवड्यात द्यावी.