रोग रेड्याला, औषध पखालीला! जुन्या मोटारसायकलीचे चार्जिंग आणि वायरिंग

दिवाळी झाली, ज्वारी-हरभऱ्याची पेरणी आटोपली आणि साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले, की आपल्या बीड जिल्ह्यातील रस्ते रात्रीदेखील वाहते होतात. माजलगाव, गेवराई, अंबाजोगाई या बाजूंना उसाने भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रात्रभर चालू असतात. पुष्कळांना मागे लाल दिवा नसतो, साधी चमकती पट्टीही नसते. त्याच रस्त्यावर पहाटे दुधाचे कॅन अडकवून कोणी डेअरीकडे निघालेला असतो, तर शेतीची वीज रात्रपाळीची असल्यामुळे कोणी विहिरीवरची मोटार चालू करायला निघालेला असतो. बुडाखाली गाडी असते जुनी. वडिलांच्या, कधी आजोबांच्या वेळची बुलेट, जावा, येझदी नाही तर राजदूत. इंजिन ठणठणीत असते, पण दिव्याचा उजेड मात्र देवळातल्या समईएवढा! पुढची ट्रॉली दिसते ती दहा पावलांवर आल्यावर.

अशा गाडीच्या मालकाला विचारले की ठरलेले उत्तर मिळते, "बॅटरी धरत नाही, साहेब. गेल्या वर्षीच नवी टाकली, तीही बसली." खेड्यापाड्यांतून शेतीच्या कामासाठी फिरताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की ते ऐकले म्हणजे मी बॅटरीकडे न बघता आधी वायरिंगकडे बघतो. दहापैकी बऱ्याच गाड्यांत बॅटरीचा काही दोष नसतो. तिच्यापर्यंत वीज पोहोचतच नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार आहे. तेव्हा नवी बॅटरी घेण्यापूर्वी दोष कोठे आहे हे कसे शोधावे आणि वायरिंग नव्याने कसे करावे, याची माहिती या लेखात देत आहे.

या गाड्या कोठल्या?

बुलेट मूळची इंग्लंडची. भारतीय सैन्याने सरहद्दीवरील गस्तीसाठी ती निवडली आणि १९५५ साली मद्रासला तिचा कारखाना निघाला. जावा चेकोस्लोव्हाकियाची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून ती १९६१ पासून बाहेर पडू लागली. १९७३ पासून तिचेच येझदी हे नाव झाले आणि १९९६ साली तो कारखाना बंद पडला. राजदूत एस्कॉर्ट्स कंपनीची. खराब रस्ता, जास्त ओझे आणि साधी दुरुस्ती यांमुळे या गाड्या खेड्यांत टिकल्या. त्यांतील जुन्या गाड्या ६ व्होल्टवर चालणाऱ्या आहेत, आणि उजेडाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या ६ आकड्यात आहे. ते कसे, हे पुढे येईलच.

विहीर, पंप आणि टाकी

चार्जिंग म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजायला अवघड नाही. डायनामो हा पंप, वायरी म्हणजे पाइपलाइन आणि बॅटरी म्हणजे टाकी. इंजिन फिरते तोवर पंप टाकी भरतो आणि हॉर्न, दिवे, इंडिकेटर हे टाकीतून पाणी घेतात. पंप बंद झाल्यावर टाकीतले पाणी उलट विहिरीत जाऊ नये म्हणून आपण नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतो. गाडीत ते काम जावामध्ये कटआऊट करतो आणि बुलेटमध्ये रेक्टिफायर करतो. टाकी भरल्यावर जास्तीचे पाणी सांडव्यावाटे काढावे लागते, ते काम रेग्युलेटरचे.

दोन्ही गाड्यांतील पंप मात्र निरनिराळे आहेत. जुन्या जावाच्या उजव्या झाकणाखाली डायनामो असतो. त्यात कार्बनचे ब्रश तांब्याच्या गोल पट्ट्यांवर घासतात आणि एकाच दिशेची वीज बाहेर पडते. बुलेटच्या डाव्या बाजूला चेनकेसमध्ये ऑल्टरनेटर असतो. त्यात चुंबक फिरते आणि भोवतीच्या कॉइली स्थिर असतात. त्याची वीज झोपाळ्यासारखी पुढे-मागे जाते, म्हणून तिला एका दिशेला लावण्यासाठी रेक्टिफायर लागतोच. जुना रेक्टिफायर सेलेनियमच्या चौकोनी पत्र्यांचा असे. तो वयोमानाने खराब होतो, आणि बुलेटचे चार्जिंग बंद पडण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे.

६ व्होल्टची गोम

३० वॅटचा हेडलाईट १२ व्होल्टवर अडीच अ‍ॅम्पीअर वीज घेतो. तोच ६ व्होल्टवर ५ अ‍ॅम्पीअर घेतो. म्हणजे तेवढ्याच कामासाठी दुप्पट वीज त्या वायरीतून वाहते. आता वायरीत कोठे गंजलेला जोड आहे आणि त्याचा अडथळा फक्त एक-पंचमांश ओहम आहे असे धरा. १२ व्होल्टच्या गाडीत तेथे अर्धा व्होल्ट वाया जाईल, तो कोणाच्या लक्षातही येणार नाही. ६ व्होल्टच्या गाडीत मात्र पूर्ण एक व्होल्ट, म्हणजे सहावा हिस्सा, त्या जोडातच जिरेल. बल्बचा धर्म असा, की व्होल्टेज सहाव्या हिश्श्याने घटले तर उजेड जवळजवळ निम्मा होतो. एका गंजलेल्या जोडाने निम्मा उजेड खाल्ला! आणि जुन्या गाडीत असे जोड एक-दोन नव्हे, डझनभर असतात.

आधी मोजावे, मग खर्च करावा

तपासणीसाठी साधा मल्टीमीटर पुरतो. पंपाची मोटार दुरुस्त करणाऱ्याकडे तो असतोच. क्रम असा ठेवावा.

पहिली तपासणी बॅटरीची. रात्रभर विसावलेली, पूर्ण भरलेली ६ व्होल्टची चांगली बॅटरी सुमारे ६.३ व्होल्ट दाखवते. मग इंजिन चालू करून रेस मध्यम वाढवावी. मीटर ७ व्होल्टच्या आसपास, साधारण ६.९ ते ७.२ पर्यंत, चढला तर चार्जिंग ठीक आहे. काटा जागचा हललाच नाही तर वीज बॅटरीपर्यंत येत नाही. साडेसातच्या वर गेला तर जास्त वीज येत आहे, आणि अशी बॅटरी पाणी उकळून मरते. १२ व्होल्टच्या गाडीसाठी हे सर्व आकडे दुप्पट समजावेत. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून "चार्जिंग येते का" ते बघण्याची सवय काही मिस्त्रींना असते. तसे करू देऊ नये. त्यात बल्ब आणि रेग्युलेटर दोन्ही उडू शकतात.

दुसरी तपासणी अर्थची. हेडलाईट चालू करावा. मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थच्या टोकाला आणि दुसरे हेडलाईटच्या पत्र्याला लावावे. मीटर जवळजवळ शून्य दाखवला पाहिजे. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दाखवला तर अर्थ सडलेली आहे. याच पद्धतीने बॅटरीच्या दुसऱ्या टोकापासून बल्बच्या टोकापर्यंत तपासावे. व्होल्ट कोठे मुरतो ते लगेच सापडते.

तिसरी तपासणी पंपाची. बुलेटच्या ऑल्टरनेटरच्या वायरी सोडवून मीटर ए.सी.वर ठेवावा आणि इंजिन चालवावे. रेसबरोबर आकडा वाढला पाहिजे. त्या वायरींचा इंजिनच्या अंगाशी कोठेही संबंध येता कामा नये. झाकण उघडले असेल तर चुंबक आणि कॉइली यांमधील फट सर्व बाजूंनी सारखी आहे ना, ते बघावे. ती किमान ०.२ मिलीमीटर तरी हवी. घासल्याच्या खुणा असतील तर कॉइली पुन्हा मधोमध बसवाव्यात. जावामध्ये ब्रश झिजले आहेत का, त्यांच्या स्प्रिंगा दाबतात का आणि तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडल्या आहेत का, ते पाहावे.

चौथी तपासणी रेक्टिफायरची. तो सोडवून बॅटरी आणि लहान बल्ब यांच्या साहाय्याने तपासता येतो. वीज एका दिशेने जावी, उलट लावल्यावर बल्ब विझलेला राहावा. दोन्हीकडून पेटला किंवा कोठूनच पेटला नाही तर रेक्टिफायर बाद. त्याऐवजी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा ३५ अ‍ॅम्पीअरचा सिलिकॉन ब्रिज बसवता येतो. तो गरम होतो, म्हणून लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर घट्ट आवळावा. नवा ब्रिज जुन्या पत्र्यांपेक्षा जास्त वीज जाऊ देतो, तेव्हा तो बसवल्यावर पहिली तपासणी पुन्हा करावी. आकडा जास्त आला तर रेग्युलेटर बसवावा.

नवे वायरिंग कसे करावे

जोड मोजता मोजता कंटाळा यावा अशी स्थिती असेल, तर ठिगळे न लावता संपूर्ण वायरिंग बदलावे. घरात आयटीआयचा वायरमनचा अभ्यासक्रम केलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर हे काम दोन दिवसांत घरीच होण्यासारखे आहे.

प्रथम बॅटरी काढून बाजूला ठेवावी. काढताना तिचे कोणते टोक अर्थला होते, हे कागदावर लिहावे. इंग्रजी पद्धतीच्या काही जुन्या गाड्यांत धन टोक अर्थला असते. अंदाजाने उलटे जोडले तर नवा रेक्टिफायर त्याच क्षणी जळतो. जुनी वायर तोडण्यापूर्वी प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधावी आणि कोणती वायर कोठून कोठे जाते, याचा नकाशा वहीत काढावा.

वायर मोटारगाडीची, अनेक बारीक तारांची घ्यावी. घराच्या वायरिंगची एकेरी तार हादऱ्याने तुटते. बॅटरी, रेक्टिफायर आणि मुख्य स्विच यांसाठी अडीच चौरस मिलीमीटर, हेडलाईट आणि हॉर्नसाठी दीड, तर मागच्या दिव्यासाठी आणि इंडिकेटरसाठी एक चौरस मिलीमीटर जाडीची वायर पुरते. रंग निरनिराळे घ्यावेत. पुढे दुरुस्ती करणारा दुवा देईल.

तारा पिळून वर टेप गुंडाळलेला जोड म्हणजे आजाराला आमंत्रण. प्रत्येक टोकाला थिंबल दाबून बसवावे, शक्य तेथे सोल्डर करावे आणि वर स्लीव्ह चढवावी. अर्थसाठी फक्त चौकटीच्या लोखंडावर विसंबू नये. हँडलच्या बेअरिंगमध्ये ग्रीस असते, त्यातून वीज नीट जात नाही. म्हणून हेडलाईटपासून चौकटीपर्यंत आणि चौकटीपासून इंजिन व बॅटरीपर्यंत वेगळी अर्थ वायर टाकावी. जेथे ती आवळायची तेथील रंग खरवडून लोखंड चकचकीत करावे, बोल्ट आवळावा आणि वरून व्हॅसलीन लावावे.

बॅटरीजवळच १५ अ‍ॅम्पीअरचा फ्यूज अवश्य बसवावा. फ्यूज गेला तर सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळू नये. तो का गेला ते शोधावे, नाही तर पेट्रोलच्या टाकीखालीच वायर पेटते. हँडलजवळ वायर सैल ठेवावी आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती ताणली जात नाही ना, हे पाहावे. बॅटरीची हवेची नळी साखळीवर किंवा चौकटीवर आम्ल सांडणार नाही अशी खाली सोडावी. आणखी एक गोष्ट. धान्याच्या किंवा सरकीच्या खोलीत गाडी ठेवू नये. उंदीर धान्यासाठी येतात आणि वायर कुरतडून जातात.

मिळकत पाहून खर्च

जुन्या जावाचा डायनामो ४५ वॅटचा. हेडलाईट ३० आणि मागचा दिवा ५, असे ३५ वॅट गेले की बॅटरी भरायला उरतात १०. तेही इंजिन चांगल्या वेगात असेल तर. अशा घरात ६० वॅटचा हॅलोजन, दोन मोठे हॉर्न आणि मोबाईलचे चार्जर असे पाहुणे बोलावले तर बॅटरी कर्जबाजारी होणारच. मागचा दिवा एलईडीचा केल्यास थोडी बचत होते. मात्र त्याला धन-ऋण कळते, म्हणून गाडीची अर्थ कोणती हे बघूनच घ्यावा. बुलेट १२ व्होल्टवर नेण्याचा मार्गही आहे, पण त्यात बॅटरी, सर्व बल्ब, हॉर्न, इग्निशन कॉइल आणि रेग्युलेटर बदलावे लागतात. ६ व्होल्टचे वायरिंग नीट केले तर पुष्कळांना त्याची गरज पडत नाही.

कागदपत्रांविषयी

"गाडी पन्नास वर्षांची झाली, आता व्हिंटेज करून घेऊ," असे काही जण म्हणतात. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये यासाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी त्यात बसते. परंतु अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ती प्रदर्शन, रॅली अशा कारणांपुरती. दुधाचे कॅन वाहणाऱ्या गाडीने त्या वाटेला जाऊ नये. तिने १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी होणारे साधे नूतनीकरणच करून घ्यावे. त्या तपासणीत दिवे आणि हॉर्न पाहिले जातात, हेही ध्यानात असावे.

वर्षातून एक दिवस

बैलांना जसा पोळा, तसा गाडीलाही वर्षातून एक दिवस द्यावा. उसाचा हंगाम सुरू होण्याच्या आधीचा सर्वांत चांगला. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरावे, विहिरीचे पाणी मुळीच घालू नये. त्यातील क्षार पट्ट्यांवर बसतात. टोके घासून व्हॅसलीन लावावे, अर्थचे बोल्ट आवळावेत आणि मीटर लावून ७ व्होल्टचा आकडा एकदा पाहून घ्यावा. मागचा लाल दिवा घरातील दुसऱ्या माणसाला मागे उभे करून तपासावा, कारण चालवणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. तो दिसायचा असतो मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला. आपल्या ट्रॉलीला आणि बैलगाडीलाही मागे लाल चमकती पट्टी त्याच दिवशी लावून टाकावी. रस्ता सर्वांचा आहे, आणि पहाटे घरून निघालेल्याची वाट घरी पाहिली जात असते.