संगीत नाटकांचे चित्रपट रूपांतर

रंगमंचावर पदांच्या आधाराने उलगडणारे नाट्य पडद्यासाठी नव्याने रचणे, यास संगीत नाटकाचे चित्रपट रूपांतर म्हणतात. इटालियन ऑपेरावरील चित्रपटांना सामोऱ्या आलेल्या अडचणी मराठी संगीत नाटकालाही चुकल्या नाहीत. ऑपेरात बहुधा संवादही गायले जातात. संगीत नाटकात गद्य आणि पदे आलटून पालटून येतात, एवढाच फरक.

मुख्य अडचण काळाची. नाट्यगृहात गायकाची प्रतिभा आणि श्रोत्यांचा 'वन्समोअर' यांनुसार पद लांबते व कथा थांबली तरी कोणाची तक्रार नसते. पडद्यावर तेच थांबणे जड वाटते. बालगंधर्वांची भूमिका असलेला 'साध्वी मीराबाई' (१९३७) हा बव्हंशी रंगभूमीवरील प्रयोगाचेच चित्रण होता. तो यशस्वी झाला नाही.

याउलट, पुरुषोत्तम दारव्हेकर लिखित 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) या नाटकावरील सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपट (२०१५) लोकप्रिय ठरला. पंडित भानुशंकर आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या पूर्वकथेला त्यात मोठी जागा मिळाली. पं. जितेंद्र अभिषेकी यांची 'घेई छंद मकरंद', 'सुरत पिया की' यांसारखी पदे राखून शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गीते जोडली. जुन्या रसिकांना ही भर खटकणे स्वाभाविक होते. परंतु नाटक न पाहिलेली पिढी या चित्रपटामुळे मूळ पदांकडे वळली, हेही नाकारता येत नाही.

दुसरा प्रश्न गळ्याचा. रंगभूमीवर नट स्वतः गातो; वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब त्यामुळेच अविस्मरणीय ठरले. चित्रपटात सचिन पिळगांवकर यांच्या खाँसाहेबांना वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी, तर सदाशिवाला अभिषेकींचे शिष्य महेश काळे यांनी आवाज दिला. 'अरुणि किरणी' या गीतासाठी काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. व्हेर्दीच्या ऑपेरावरील 'आयदा' (१९५३) या इटालियन चित्रपटातही सोफिया लॉरेन यांचा चेहरा आणि रेनाता तेबाल्दी यांचा आवाज अशीच जोडणी होती. झेफिरेल्ली यांनी 'ला त्राव्हियाता' (१९८२) मध्ये मात्र तेरेसा स्त्रातास आणि प्लासिदो दोमिंगो या गायकांनाच भूमिका दिल्या.

कृ. प्र. खाडिलकरांच्या 'मानापमान' (१९११) वर आधारित 'संगीत मानापमान' हा भावे यांचाच चित्रपट २०२५ मध्ये प्रदर्शित झाला.