काचबिंदू व थंडीचा उपाय

मोतीबिंदू आणि काचबिंदू हीं नांवें घरोघरीं एका दमांत घेतलीं जातात. पण मोतीबिंदूनें गेलेली दृष्टि शस्त्रक्रियेनें बहुधा परत मिळते, काचबिंदूनें गेलेली मिळत नाहीं.

डोळ्याच्या पुढील भागांत एक स्वच्छ द्रव अहोरात्र तयार होतो. डोळ्यांतील रंगीत पडद्याच्या पाठीमागें कड्यासारखी मांसल पट्टी आहे, तींतून तो झिरपतो आणि पडद्याच्या कडेच्या बारीक जाळींतून निघून जातो. मोरी तुंबली व नळ मात्र चालूच राहिला, तर न्हाणीघराची जी गत होते तीच येथें होते. निरोगी डोळ्यांतील दाब पाऱ्याच्या सुमारें १० ते २१ मिलिमीटर असतो. तो वाढून राहिला कीं दृष्टीचा मज्जातंतु हळूहळू निकामी होतो.

थेंब व गोळ्या देऊन पाहावयाच्या, शस्त्रक्रियेनें मोरी मोकळी करावयाची, हा सरळ मार्ग. तोही खुंटला म्हणजे नळच बारीक करणें उरतें. हॉलंडमधील वेव्ह यांनीं १९३३ मध्यें विजेच्या उष्णतेनें ती पट्टी भाजून पाहिली. १९५० मध्यें इटलीच्या बिएत्ती यांनीं उलट थंडी सुचविली.

यांत डोळा कापावा लागत नाहीं. सुई देऊन तो बधिर करतात. दाबानें भरलेला नायट्रस ऑक्साइड वायु बारीक छिद्रांतून सुटतांना प्रसरण पावतो व कमालीचा थंड होतो. त्यायोगें सळईचें टोंक शून्याखालीं ६० ते ८० अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरतें. तें काळ्या वर्तुळाच्या किंचित् मागें, पांढऱ्या भागावर, सुमारें एक मिनिट टेकवितात. आंत बर्फ धरून द्रव निर्माण करणाऱ्या पेशी मरतात. असें अर्ध्याच वर्तुळांत सहाआठ ठिकाणीं करतात. सबंध कडें एकदम गोठविलें तर द्रव अजिबात आटून डोळाच आक्रसण्याचें भय. मेलेल्या पेशी पुन्हां जिवंत करतां येत नाहींत, हें विसरून चालत नाहीं.

पुढील कांहीं दिवस दुखणें तीव्र असतें, सूज येते, दाब प्रथम उलट वाढूंही शकतो. खरा परिणाम कांहीं आठवड्यांनीं कळतो. प्रसंगीं उपचार पुन्हां करावा लागतो. उरलीसुरली दृष्टि जाण्याचा धोका असल्यानें, जेथें दृष्टि जवळजवळ संपली आहे पण वेदना सोसवत नाहीं, अशा डोळ्यांसाठींच हा उपाय मुख्यतः राखून ठेवलेला असतो. मधुमेहामुळें पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटून होणारा काचबिंदू त्यांपैकींच. येथें हेतु दृष्टीचा नसून सुखानें झोंप लागण्याचा असतो. हें रोग्याला आधींच स्पष्ट सांगणें न्यायाचें. आतां त्याची जागा बव्हंशीं लेसर किरणांनीं घेतली आहे, कारण त्यांनीं सूज व वेदना कमी होतात.

उपचार कोणताही होवो, दाब वरचेवर मोजावाच लागतो. रोग्याचा दुसरा डोळा आणि त्याचीं सख्खीं भावंडें यांचीही तपासणी करवून घ्यावी. हा रोग कुळांत उतरतो आणि बहुधा दुखल्याखुपल्याशिवाय येतो.