समुद्राची ठेव, नदीतली उचल

कापसाच्या आणि संत्र्याच्या मुलखातला माणूस माशांवर लिहायला बसला की कोकणातले मित्र गालातल्या गालात हसतात. हसू द्यावे. वऱ्हाडात समुद्र नसला तरी नद्या आहेत, नद्यांकाठी भोयांची वस्ती आहे आणि अमरावती-अकोल्याच्या बाजारात वाम मिळते. लांबट, सापासारखी, हातातून निसटणारी. पिशवीतून बाहेर काढली की घरातली मुले मागे सरकतात आणि कुणी जाणकार सांगतो, "हीच ती इंग्रजीतली ईल!"

तसे नाही. वामेच्या पाठीवर काट्यांची रांग असते, तोंड सोंडेसारखे टोकदार असते. ती गोड्या पाण्यात जन्मते आणि तिथेच मरते. खरी ईल म्हणजे आपल्याकडचा अहीर. त्याच्या पाठीवर काटे नाहीत. डोक्यामागे कानांसारखे दोन पर, आणि पाठीवरचा पर शेपटीला वळसा घालून थेट पोटाखाली आलेला. गोदावरी, कृष्णा, भीमा यांच्या खोऱ्यांत तो सापडतो आणि दोन मीटरपर्यंत वाढू शकतो. पण या दोघांतला खरा फरक माहेराचा आहे. वामेचे माहेर नदी, अहिराचे माहेर समुद्र.

हे माहेर शोधायला माणसाला दोन हजार वर्षे लागली. ईलच्या पोटात गाभोळी कधी सापडत नाही, म्हणून ॲरिस्टॉटलने ती चिखलातून उपजते असे सांगून टाकले. १८७६ मध्ये सिग्मंड फ्रॉईड नावाच्या विद्यार्थ्याने ट्रिएस्टला चारशेच्या आसपास ईल कापून नराचे वृषण शोधले. हाती ठोस काही लागले नाही. पुढे तो माशांचा नाद सोडून माणसाच्या मनाकडे वळला, हे सर्वांना ठाऊक आहेच. समुद्रातला एक पारदर्शक, पानासारखा जीव हे ईलचेच पोर आहे, हे १८९६ मध्ये इटलीच्या ग्रासी यांनी दाखवले. मग डेन्मार्कचे योहान्स श्मिट १९०४ पासून अटलांटिक पालथा घालत राहिले. जिथे सर्वांत लहान पोर सापडेल तिथेच बाळंतिणीची खोली असणार, हा त्यांचा साधा हिशेब होता. युरोपातल्या ईलचे जन्मस्थान सारगासो समुद्र, असे १९२२ मध्ये त्यांनी जाहीर केले. तिथे ईलची अंडी मात्र आजवर कुणाच्या हाती लागलेली नाहीत. समुद्रात ईलची अंडी प्रथम मिळाली ती २००९ मध्ये, जपानी शास्त्रज्ञांना, मारियाना बेटांच्या पश्चिमेला.

अंड्यातून निघालेले ते पान प्रवाहाबरोबर किनाऱ्याकडे येते. तिथे त्याची बोटभर, काचेसारखी आरपार दिसणारी सुतळी होते. ही सुतळी नदीत शिरते, ओल्या दगडांवरून, भिंतींवरूनही वर चढते, रंग धरते आणि वर्षानुवर्षे गोड्या पाण्यात खाऊन वाढते. मग एके वर्षी पुराच्या पाण्याबरोबर ती परतीला लागते. डोळे मोठे होतात, आतडे आक्रसते, खाणे बंद होते. उपाशीपोटी समुद्र गाठायचा, एकदाच अंडी घालायची आणि मरायचे.

आता गळाकडे येऊ. १९८०च्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची कर्जे वाटण्याच्या निमित्ताने मी पूर्णेकाठच्या भोईवाड्यांतून पुष्कळ हिंडलो. संध्याकाळी लांब दोरीला ओळीने गऱ्या बांधायच्या, त्यांना गांडुळे टोचायची आणि रात्रभर पाण्यात सोडायची. वाम रात्री बाहेर पडते आणि गांडुळावर तुटून पडते. मरळ हवी असेल तर बेडूक. आमिषाला द्यायचे ते स्वस्त आणि मिळवायचे ते महाग, हा साधा व्यवहार.

इंग्लंडात ईलसाठी गळही लागत नसे. लोकरीच्या धाग्यात गांडुळे ओवून त्याचा गोळा पाण्यात सोडत. ईलचे बारीक दात लोकरीत अडकत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उलटे आहे. तिथे मोठ्या पट्टेदार बाससाठी जिवंत ईलच गळाला लावतात, कारण ती टोचली तरी कितीतरी वेळ वळवळत राहते. तिचा चिवटपणाच तिच्या जिवावर उठतो. तिथल्याच मेन राज्यात २०१८ मध्ये काचेसारख्या पिलांचा भाव पौंडाला दोन हजार डॉलरच्या वर गेला होता. तेव्हा आमिष स्वस्त राहिले आहे असेही नाही.

माझ्यातला बँकवाला इथे अडखळतो. गळाला लागते ती ईल अजून खाते आहे. खाते आहे म्हणजे परतीला लागलेली नाही. म्हणजे तिने अजून एकही अंडे घातलेले नाही. टोपलीतली, हॉटेलातली, गळाला टोचलेली प्रत्येक ईल अशी बिनविणीची. व्याज जमा होण्याआधीच मुद्दल उचलायचे, असे हे खाते आहे.

दुसऱ्या माशांचे तसे नाही. १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन कार्प माशांची वीण घडवली. तेव्हापासून रोहू, कटला, मृगळ यांचे बीज विकत मिळते आणि मच्छीमार सोसायट्या ते धरणात सोडतात. ईलचे बीज असे विकत मिळत नाही. जपानी प्रयोगशाळेने २०१० मध्ये तिचे जीवनचक्र पूर्ण करून दाखवले, तरी ईलच्या शेतीची सारी मदार आजही समुद्रातून पकडून आणलेल्या पिलांवरच आहे. एक म्हातारे भोई मला म्हणाले होते, "सायेब, जाळं फाटलं त शिवता येते. पान्यातला मासाच सरला त कोनती ब्यांक मासा देईन?" ते पूर्णेतल्या माशांविषयी बोलत होते. अहिराच्या बाबतीत त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे.

वऱ्हाडातून समुद्राला दोन वाटा आहेत. पूर्णा चांगदेवला तापीला मिळते आणि सुरतेकडून अरबी समुद्राला जाते. वर्धा पुढे वैनगंगेला भेटून प्राणहिता होते आणि गोदावरीबरोबर बंगालच्या उपसागराला मिळते. पहिल्या वाटेवर हतनूर आहे आणि १९७२ पासून उकाई. दुसरीवर मोर्शीजवळ अप्पर वर्धा, खाली २०१९ चे मेडिगड्डा आणि अगदी मुखाजवळ १८५२ पासूनचा दौलेश्वरमचा बंधारा.

धरणे नकोत, असे वऱ्हाडातला माणूस कसा म्हणेल? महानच्या धरणावर अकोल्याची तहान भागते. पण युरोपात बंधाऱ्याच्या कडेला ओली, ब्रशचे दात बसवलेली पन्हळ लावतात आणि पिले तिच्यावरून रात्रीत वर चढतात. माणसाचा हात लागला नसता तर जितक्या ईल समुद्राला परतल्या असत्या, त्यांतल्या निदान चाळीस टक्के तरी सुखरूप जाव्यात, असा नियमच युरोपीय संघाने २००७ मध्ये केला. तोवर तिथे नदीत येणारी पिले १९८० पूर्वीच्या मानाने दहा टक्केही उरली नव्हती. आपल्याकडे बंधारा बांधताना गेट, कालवा आणि पाणीपट्टी यांचा विचार होतो. त्या अंदाजपत्रकात एका पन्हळीची भर पडली तर योजना बुडणार नाही.

तोवर आपल्या हाती एक गोष्ट आहे. टोपलीतल्या वामांत एखादी बिनकाट्याची, ठिपकेदार, जिवंत दिसली तर भोयाला तिचे पैसे द्यावेत आणि तिला पुन्हा नदीत सोडायला सांगावे. तिचा हिशेब अजून पुरा व्हायचा आहे.