बदलीचे बिऱ्हाड आणि शिवणाचे मशीन

सैन्यातल्या नोकरीत बदलीची ऑर्डर हाती पडली, की घरात काळ्या पेट्या निघतात. भांडी, अंथरुणे, पुस्तके, मुलांचे दाखले सारे भरले जाते आणि दोन-तीन वर्षे थाटलेले बिऱ्हाड पुन्हा हलते. बेळगाव किंवा पुण्याहून निघालेले एखादे मराठी कुटुंब कोलकात्याच्या फोर्ट विल्यममध्ये पोहोचते, पेट्या उघडते आणि पहिल्याच संध्याकाळी गृहिणीच्या लक्षात येते, की जुन्या क्वार्टरचे पडदे नव्या दाराला वीतभर आखूड पडताहेत.

हुगळीकाठचा हा किल्ला प्लासीच्या लढाईनंतर, १७५८ मध्ये बांधायला घेतला गेला. १९६३ पासून येथे सेनेच्या ईस्टर्न कमांडचे मुख्यालय आहे. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे नाव ‘विजय दुर्ग’ झाले, ते सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या आपल्या विजयदुर्गावरून. त्याच्या सेंट जॉर्ज गेटलाही आता शिवाजी गेट म्हणतात. नावे ओळखीची झाली, तरी पेट्या उघडणाऱ्या गृहिणीपुढचा प्रश्न जुनाच आहे. पडदे, मुलांचे युनिफॉर्म, ब्लाउज हे सारे दर बदलीत बाहेर शिवायला टाकायचे, की घरात एक मशीन घ्यायचे? आणि घ्यायचे तर कोणते?

मशीनचेच शहर

हा प्रश्न कोलकात्यात पडावा, हेही बरेच म्हणायचे. ‘उषा’ मशीन याच शहरात जन्मले. बिशनदास बसिल यांनी १९३५ च्या सुमारास येथे देशी शिवणयंत्र तयार केले. त्यांच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सची सूत्रे १९३८ मध्ये दिल्लीच्या लाला श्रीराम यांच्या उद्योगसमूहाकडे गेली. प्रिन्स अन्वर शाह रोडवरच्या त्या कारखान्याच्या जागी आज साउथ सिटी मॉल आणि उंच इमारती उभ्या आहेत. पण तिथली काळी मशिने देशभरातल्या घरांत पोहोचली. आजीचे किंवा सासूबाईंचे असे मशीन माळ्यावर पडून असेल, तर नवे घेण्याआधी ते एकदा कारागिराला दाखवावे. पुष्कळदा सफाई, तेल आणि नवी वादी एवढ्यावर ते पुन्हा धावू लागते.

आधी काम, मग मशीन

मशीन घेताना बहुतेक घरांत एकच चूक होते. आधी मशीन पसंत केले जाते आणि त्यावर काय शिवायचे, याचा विचार मागाहून होतो. खरे तर आधी कागदावर कामांची यादी करावी.

पडदे, उशांचे अभ्रे, फॉल-बिडिंग, परकर, उसवलेली शिवण एवढेच काम असेल, तर सरळ टीप घालणारे साधे काळे मशीन पुरते. त्याची यंत्रणा सोपी असते, दुरुस्ती छोट्या गावातही होते. हातमशीन जागा कमी व्यापते, पण एक हात चाकावरच अडकतो. लांब पडदा सरकवताना फार त्रास होतो. पायमशीनला दोन्ही हात मोकळे राहतात आणि वीज गेली तरी काम थांबत नाही. मात्र त्याचे स्टँड हलवणे जिकिरीचे. काळ्या मशीनला छोटी मोटरही बसवून घेता येते.

मुलांचे टी-शर्ट, ताणणारे होजिअरी कापड, काजे, कडा उसवू नयेत म्हणून नागमोडी टीप अशी कामे असतील, तर झिगझॅगची सोय असलेले विजेचे मशीन घ्यावे. ते वजनाला हलके, उचलून टेबलावर ठेवण्याजोगे असते आणि वारंवार बदली होणाऱ्या घराला सोयीचे पडते. दुकानदार टाक्यांचे पन्नास प्रकार दाखवील. रोज लागतात त्यांतले तीन-चारच. सरळ टीप, झिगझॅग, काज आणि उलटी टीप नीट येत असतील, तर बाकीच्या नक्षीसाठी जादा पैसे मोजू नयेत.

तळहाताएवढी, सेलवर चालणारी मशिने मात्र टाळावीत. त्यांची शिवण एकाच दोऱ्याची, साखळीटाक्याची असते. एक टोक सुटले, की सगळी शिवण सरसर उसवते.

दुकानात चिंध्या घेऊन जा

दुकानातला नमुन्याचा कडक कपडा कुठल्याही मशीनवर सुरेख शिवला जातो. म्हणून घरूनच तीन तुकडे न्यावेत: एक मलमलचा, एक जाड पडद्याचा चार पदरी आणि एक होजिअरीचा. तिन्हींवर टीप घालून पाहावी. टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसला पाहिजे. खाली दोऱ्याचे वेटोळे साचत असेल किंवा पातळ कापड गोळा होत असेल, तर विक्रेत्याला टेन्शन ठीक करायला सांगून पुन्हा पाहावे.

सुईही कापडाप्रमाणे बदलावी लागते. पातळ कापडाला ११ नंबर, साध्या सुतीला १४, जीन्ससारख्या जाड कापडाला १६ आणि होजिअरीला गोल टोकाची सुई. सुई, बॉबीन आणि बॉबीन केस कुठेही मिळतात ना, हे जरूर विचारावे. पुढची बदली कोणत्या लहानशा ठाण्यावर होईल, हे कोणी सांगावे!

पडद्याला माया ठेवा

आता त्या आखूड पडद्याचे पाहू. समजा, दार ७ फूट, म्हणजे ८४ इंच आहे. वर दांडीसाठी ४ इंच आणि खाली दुमडण्यासाठी ८ इंच धरले, तर एका पडद्याला ९६ इंच, म्हणजे सुमारे अडीच मीटर कापड लागते. खालची दुमड अशी रुंद ठेवली आणि ती हाताने, सहज उसवेल अशा टाक्याने घातली, तर पुढच्या घरी दार ६ इंचांनी उंच निघाले, तरी तोच पडदा पुरतो. रुंदीला दांडीच्या दीड ते दुप्पट कापड घ्यावे, म्हणजे चुण्या छान पडतात. सुती कापड कापण्याआधी भिजवून वाळवावे; नाहीतर पहिल्याच धुण्यात पडदा आटतो.

जुन्या, मऊ सुती साड्याही टाकू नयेत. बंगाली बायका अशा साड्यांचे पदर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने कांथा शिवतात. आपल्या गोधडीची ही सख्खी बहीणच. मशीनवर चारही कडा जोडून मधला धावदोरा हाताने घातला, तर काम लवकर होते आणि मऊपणाही टिकतो. शिवता शिवता शेजारणीशी गट्टी जमते, ती वेगळीच.

दमट हवा आणि प्रवास

कोलकात्याच्या दमट हवेत लोखंड लवकर गंजते. मशीन प्लास्टिकमध्ये गुंडाळून न ठेवता सुती कव्हर घालावे. दात्यांतला कापसासारखा कचरा ब्रशने काढावा आणि पुस्तिकेत सांगितलेल्या ठिकाणी मशीनचेच तेल थेंब थेंब सोडावे. खोबरेल मुळीच नको. त्याने यंत्र चिकटते. तेलानंतर आधी चिंधीवर टीप घालावी, म्हणजे चांगल्या कापडाला डाग पडत नाहीत.

बदलीच्या वेळी सुई काढून ठेवावी, पायाखाली कापडाची घडी घालून पाय खाली टेकवावा आणि बॉबीन केस स्वतःच्या पर्समध्ये न्यावी. पायमशीन असेल, तर वादी काढून, बिजागरीचे स्क्रू सैल करून डोके स्टँडपासून वेगळे करावे आणि जुन्या चादरीत गुंडाळावे.

एवढा खटाटोप कशासाठी? फौजी गृहिणीची नोकरी दर बदलीला सुटते; नव्या गावी ओळखी नव्या, भाषाही नवी. शिवणकाम मात्र तिच्याबरोबर जाते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या आर्मी वाइव्हज वेल्फेअर असोसिएशनने, म्हणजे ‘आवा’ने, जवानांच्या पत्नींसाठी चालवलेल्या प्रशिक्षणात शिवणकामाला स्थान आहे ते म्हणूनच. घरचे पडदे शिवता शिवता हात बसला, की शेजारचे ब्लाउज आणि युनिफॉर्म येऊ लागतात आणि चार पैसे तिचे स्वतःचे म्हणून हाती येतात.

शिवणात जादा सोडलेल्या कापडाला मराठीत ‘माया’ म्हणतात. पडद्यात ती आठ इंच ठेवली, तर पुढचे घर परके वाटत नाही.