इंफाळच्या आकाशातील दलनायक

विमानदलात साधारणतः बारा ते चोवीस लढाऊ विमानांच्या तुकडीस ‘स्क्वाड्रन’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी तिचे नेतृत्व बहुधा ‘स्क्वाड्रन लीडर’ या हुद्द्याच्या अधिकाऱ्याकडे असे. भूदलाचा सेनापती मागे राहून आज्ञा देऊ शकतो. या नायकाला ती सोय नव्हती. ज्या कामगिरीवर तो सोबत्यांना धाडी, तिच्यावर त्याला स्वतःही जावे लागे.

अर्जन सिंग यांचा जन्म १९१९ साली ल्यालपूर येथे झाला. इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे शिक्षण घेऊन १९३९ च्या डिसेंबरात ते विमानदलात अधिकारी झाले. १९४३ मध्ये भारतीय विमानदलाच्या पहिल्या स्क्वाड्रनचे नेतृत्व त्यांच्याकडे आले.

१९४४ च्या मार्चमध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशातून मणिपुरात शिरले आणि महिनाअखेर इंफाळ-कोहिमा रस्ता तुटला. अन्न, औषधे, दारूगोळा, सारे काही विमानांनी आणावे लागे. आणि धावपट्ट्या तर त्याच वेढलेल्या खोऱ्यात! त्या गेल्या असत्या, तर इंफाळ गेले असते. अर्जन सिंग यांच्या तुकडीची हरिकेन विमाने तेथेच मुक्काम करून होती.

शत्रूची विमाने पाडणे हे या तुकडीचे मुख्य काम नव्हते. तिचे काम टेहळणीचे. जपानी सैनिक दिवसा झाडीत दडत व रात्री पुढे सरकत. त्यांचा माग काढण्यासाठी विमाने जोडीने निघत आणि डोंगरांच्या कुशीतून अगदी खालून उडत. पुढचा वैमानिक जमीन न्याहाळी. मागचा आपले विमान सारखे डावीउजवीकडे वळवीत आकाशावर लक्ष ठेवी. कारण खाली पाहणाऱ्याला पाठीवरच्या शत्रूचे भान राहणे कठीण. चाकांच्या ताज्या खुणा, धुराची रेघ, नवा साकव एवढ्यावरून सैन्याचा ठाव लावावयाचा आणि परतताच तो सांगावयाचा. प्रसंगी तोफांचा मारा करावयाचा, तोही याच विमानांनी. पाडलेल्या विमानांच्या संख्येवर वैमानिकाचे मोठेपण मोजण्याची रीत आहे. ते माप येथे उपयोगाचे नाही. या वैमानिकांच्या शब्दावर खालच्या जवानांचे प्राण अवलंबून असत.

२२ जून १९४४ रोजी रस्ता मोकळा झाला. त्याच महिन्यात लॉर्ड माउंटबॅटन यांनी अर्जन सिंग यांना ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे शौर्यपदक दिले.

पुढे १९६४ साली ते विमानदलाचे प्रमुख झाले. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी रणगाडे छांब भागात घुसले. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी संमती देताच त्याच सायंकाळी पठाणकोटहून विमाने झेपावली. त्या दिवशी चार व्हॅम्पायर विमाने गमवावी लागली. ती जुनी झाली होती, हेही खरे.

२००२ साली त्यांना मार्शल हा सर्वोच्च हुद्दा मिळाला. तो लाभलेले विमानदलातील ते एकमेव अधिकारी होत. २०१७ मध्ये ते निवर्तले. प्रमुखपदी असतानाही त्यांनी स्वतः विमान चालविणे सोडले नव्हते.