चांदमारीचा बांध आणि उसळणारी गोळी

नेमबाजीत सर्वांचे लक्ष लक्ष्यावर खिळलेले असते. लक्ष्यामागे काय आहे, याचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः कागदी लक्ष्य गोळीस थांबवीत नाही. ते कार्य मागील बांधाचे होय. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलच्या ज्या प्रकारात कांस्यपदक मिळविले, त्यात ५.६ मिलिमीटर व्यासाची शिशाची गोळी वापरतात. तिचे वजन सुमारे २.६ ग्रॅम व नळीतून सुटतानाचा वेग सेकंदास सुमारे ३३० मीटर असतो. एवढीशी ही गोळी अडथळा न आल्यास सुमारे दीड किलोमीटर अंतर जाऊ शकते. बांधाचे महत्त्व यावरून ध्यानी येईल.

गोळी बांधाच्या बाहेर जाण्याचे दोन मार्ग संभवतात. ती बांधावरून जाईल, किंवा कोठेतरी आपटून उसळेल. यांपैकी दुसऱ्याविषयी एक गैरसमज रूढ आहे. प्रकाशकिरणाप्रमाणे गोळीही ज्या कोनात आपटते त्याच कोनात परत उसळते, असे सकृद्दर्शनी वाटते. प्रत्यक्षात तसे घडत नाही.

कठीण पृष्ठभागावर, उदाहरणार्थ दगडी फरशीवर, गोळी १० अंशांच्या कोनात आपटली असे समजू. तिच्या वेगाचा पृष्ठभागास लंब घटक सेकंदास सुमारे ५७ मीटर, तर समांतर घटक सुमारे ३२५ मीटर भरतो. मऊ शिसे चेपण्यात लंब घटक बहुतांशी नष्ट होतो. परंतु त्यात एकूण ऊर्जेचा केवळ ३ टक्के अंश असतो. घर्षणात जाणारा भाग वगळता उरलेली ऊर्जा घेऊन गोळी पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून पुढे निघते. मऊ माती, वाळू वा पाणी यांवर याच्या उलट प्रकार दिसतो. गोळी चर पाडीत जाते, तिच्यापुढे साचलेला उतार तिला वर ढकलतो आणि ती बहुधा आपटण्याच्या कोनाहून मोठ्या कोनात बाहेर पडते. तळ्याच्या पाण्यावर चपटा खडा भिरकावून टप्पे काढण्याच्या खेळामागेही असाच उचलणारा दाब असतो.

उसळी ज्या कोनाखालीच संभवते, त्यास क्रांतिक कोन म्हणतात. पाण्यावर आपटणाऱ्या गोलकासाठी, १८ या संख्येस गोलकाच्या विशिष्ट गुरुत्वाच्या वर्गमूळाने भागले असता हा कोन स्थूलमानाने अंशांत मिळतो. शिशाचे विशिष्ट गुरुत्व ११.३ धरल्यास तो सुमारे ५.४ अंश येतो. रायफलच्या गोळीचा आकार निराळा असल्याने नेमका आकडा बदलेल. तथापि प्रमाणाची कल्पना येण्यास तो पुरेसा आहे. आता १.५ मीटर उंचीवरून झाडलेली गोळी २० मीटरांवर पाण्यास टेकली, तर तिचा कोन ४.३ अंश, आणि ५० मीटरांवर टेकली तर केवळ १.७ अंश भरतो. सारांश, नेम खाली गेलेली गोळी पाण्यात बुडण्याऐवजी उसळण्याचाच संभव अधिक. म्हणूनच पाण्यावर गोळी झाडणे सर्वथा वर्ज्य होय. सपाट जमिनीचा क्रांतिक कोन मातीच्या प्रकारावर अवलंबून असला, तरी धोका त्याच जातीचा आहे.

यावरून बांधाची लक्षणे ठरतात. त्याचा दर्शनी उतार उभट असावा, म्हणजे गोळी मोठ्या कोनात आत घुसेल. पावसाने माती ओघळून उतार सपाट होत गेला की हा कोन घटतो; यास्तव पावसाळ्यानंतर डागडुजी अवश्य करावी. दर्शनी थरात दगडगोटे नसावेत. जुन्या गोळ्यांचे साचलेले शिसे वेळोवेळी काढावे. नवी गोळी त्यावर आपटून दिशा बदलते, शिवाय शिसे विषारी असल्याने मातीही दूषित होते. टायर वा लाकडी ओंडके यांवर विसंबू नये, कारण त्यांवरून गोळी मागे, नेमबाजाकडेच, येऊ शकते. पोलादी पत्रा वापरल्यास तो सपाट, खड्डे न पडलेला व वरची कड नेमबाजाकडे झुकलेली असा असावा, म्हणजे शिशाचे तुकडे खाली वाळूत पडतील. डोळ्यांना संरक्षक चष्मा तेव्हाही हवाच.

बांध सुस्थितीत असला तरी त्यापलीकडे माणसांचा वावर नसेल याची खात्री करूनच चाप ओढावा. लक्ष्य चुकले तर केवळ गुण जातात. बांध चुकला तर त्याचे मोल शिवारात काम करणाऱ्या एखाद्या अपरिचितास द्यावे लागते.